केबिन माझीच आहे

५ सप्टेंबर

साइटवर नोटीस लागली. सगळ्या क्रेन ऑपरेटरांची मेडिकल पुढच्या महिन्याच्या शेवटी. नापास होईल तो खाली. खाली म्हणजे स्टोअरमध्ये, हातमोजे आणि खिळे वाटत बसायचं. मागच्या वर्षी डॉक्टर म्हणाले होते, "या वेळी सोडतो." याचा अर्थ पास असाच होतो.

मुद्दा असा की टॉवर क्रेनची ती केबिन माझी आहे. खाली मला बायको बोलते, इंजिनियर बोलतो, गेटवरचा वॉचमनसुद्धा बोलतो. वर कोणी बोलत नाही. वर मी बोट हलवलं की टनभर लोखंड हलतं. घरात मी सांगून खुर्ची हलत नाही. केबिन गेली तर मी कोण, हा प्रश्नच आहे.

तेव्हा ठरलं. पहाटे चालणं, साखर बंद, रात्री लवकर झोप. उद्यापासून. वेळ भरपूर आहे.

६ सप्टेंबर

पहाटे उठलो नाही. पहिला दिवस प्लॅनिंगला ठेवला. पाया पक्का नसेल तर वरची बिल्डिंग काय कामाची.

७ सप्टेंबर

मेहुण्याच्या दुकानात गेलो. बायकोचा धाकटा भाऊ. प्रोटीनचे डबे, गोळ्या, पावडरी विकतो. म्हटलं, एक चांगला डबा दे. दिला नाही! गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

म्हणाला, "भाऊजी, आधी महिनाभर रोज चाला. वेळेवर जेवा, नीट झोपा. सवय लागली की या, मग बघू. डबा कुठे पळून जात नाही."

म्हटलं, डबा पळत नाही, पण मेडिकल पळत येतेय. नुसता हसला. वर बिनसाखरेचा चहा पाजला. बहिणीचा नवरा तगडा झालेला काहींना बघवत नाही.

९ सप्टेंबर

दुसऱ्या दुकानातून डबा आणला. त्यावरच्या माणसाचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत. पावडरीला खडूची चव. म्हणून दूध, केळी आणि थोडी साखर. साखर बंदच आहे. ही औषधातली धरायची नाही.

डब्यावर लिहिलंय, व्यायामानंतर घ्या. मी रोज शिडी चढून केबिनमध्ये जातो. तो काय आराम आहे?

१५ सप्टेंबर

वजन वाढलं. स्नायू जड असतात हे सगळ्यांना माहीत आहे. पँटचं बटण लागत नाही, म्हणजे स्नायूंची सुरुवात पोटापासून होत असावी. बायकोला हे समजावलं. तिने बटण पुढे सरकवून शिवलं.

१८ सप्टेंबर

शिडीला मधे मधे टप्पे आहेत, उभं राहण्यापुरत्या जाळ्या. पूर्वी मी एकदोन ठिकाणी थांबायचो. हल्ली प्रत्येक ठिकाणी थांबतो. आज इंजिनियरने वॉकीटॉकीवर विचारलं, एवढा वेळ का लागतोय. तोंडातून निघून गेलं, बोल्ट तपासतोय. खूश झाला. म्हणाला, अशी माणसं राहिली नाहीत.

एका दमात दोन कामं झाली. दम खाणं आणि जबाबदारी.

१९ सप्टेंबर

माझ्यानंतरच्या पाळीला जो चढतो त्याला सगळे काडी म्हणतात. वयाने माझ्याहून मोठा, अंगावर मूठभर मांस नाही, आणि चढताना शीळ घालतो. विचारलं, काय घेतोस? म्हणाला, काही नाही, घरून चालत येतो.

काही लोक आपलं गुपित मरेपर्यंत सांगत नाहीत.

२६ सप्टेंबर

दुपारी जेवायला खाली उतरणं बंद. जेवणाचा डबा दोरीने वर ओढून घेतो. हातांना व्यायाम होतो आणि पायांना विश्रांती मिळते. यालाच बॅलन्स म्हणतात. जेवून खुर्चीत डुलकी येते, पण स्नायू झोपेतच वाढतात असं पावडरीच्या डब्यावरच छापलंय.

४ ऑक्टोबर

आज चाललो! कोपऱ्यावरच्या बेकरीपर्यंत. बेकरी एवढ्या पहाटे उघडी असेल असं वाटलं नव्हतं. गरम पाव. परत येताना रिक्षा केली, पाव गार झाले असते.

तरी सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

९ ऑक्टोबर

घात झाला. इंजिनियरच्या डोक्यात आलं की माणूस रोज बोल्ट तपासतोय, म्हणजे काहीतरी सैल असणार आणि हा भिडस्तपणे बोलत नाही. क्रेन बंद केली. मेकॅनिक वर चढवले. काँक्रीटच्या गाड्या गेटबाहेर रांग लावून उभ्या, खाली मजूर बसून. संध्याकाळपर्यंत एकूण एक बोल्ट बघितला. सगळे घट्ट.

मग मला बोलावलं. विचारलं, मग तू प्रत्येक टप्प्यावर रोज बघत काय होतास? म्हणालो, तेच, घट्ट आहेत का. माझ्या पोटाकडे बघितलं, मग शिडीकडे, मग परत पोटाकडे. माझी मेडिकल परवावर आणली.

हा अन्याय आहे. खरा जोर मी शेवटच्या दोन आठवड्यांतच लावणार होतो.

१० ऑक्टोबर

भीती वाटतेय. लिहून टाकतो, इथे कोण वाचणार आहे. केबिन सुटली तर मी हातमोजे मोजत म्हातारा होणार.

मला डबा देणाऱ्या त्या दुसऱ्या दुकानदाराकडे गेलो. त्याने लाल पावडर दिली. व्यायामाआधी घ्यायची, अंगात वीज खेळते म्हणे. उद्या वीजच हवी आहे.

११ ऑक्टोबर

एक चमचा सांगितला होता, दोन घेतले. उपाशीपोटी. दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या तोंडावर मुंग्या चालायला लागल्या. कान गरम. छातीत कोणीतरी पत्रा ठोकत होतं. नर्सने बीपी घेतलं, यंत्राकडे बघितलं, दुसरं यंत्र आणलं. मग डॉक्टरांना हाक मारली.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काही घेतलंत का?"

म्हणालो, "काही नाही."

दुसरं काय सांगणार? साइटभर सांगून बसलोय की रोज पहाटे चालतो, पावडरबिवडर आपल्याला लागत नाही. निकाल: तूर्त अनफिट. महिनाअखेर पुन्हा बीपी, आणि शिडी न थांबता चढून दाखवायची. तोवर दोन्ही पाळ्या काडीकडे.

१२ ऑक्टोबर

मेहुणा आला. बायकोने त्याला सगळं सांगितलं असणार. लाल पावडरीची डबी टेबलावरच होती. ती उचलून वाचली आणि डोक्याला हात लावला. म्हणाला, "भाऊजी, आजच डॉक्टरांना खरं सांगा. उद्या परत मोजतील. बीपीचा तरी प्रश्न मिटेल."

म्हटलं, विचार करतो. विचार केला. इज्जत जाते. त्यापेक्षा महिनाअखेर छाती काढून शिडी चढावी, हे जास्त शोभेल.

तो म्हणाला, मग निदान पहाटे माझ्याबरोबर चाला, मी येतो दारात.

१३ ऑक्टोबर

आला की. दार वाजवलं. मी जागा होतो, पण डोळे मिटून पडलो. बायकोने बाहेर जाऊन हळूच सांगितलं, उठत नाहीत.

२० ऑक्टोबर

मेहुणा आठवडाभर रोज येत होता. आज आला नाही. बरं झालं, त्याचीही झोपमोड होत होती. आता मी माझ्या वेळेने मोकळेपणी चालेन.

२७ ऑक्टोबर

पाऊल मुरगळल्यासारखं वाटतंय. कुठलं ते नक्की कळत नाही.

३१ ऑक्टोबर

बीपी ठीक निघालं. म्हणजे मी पहिल्यापासून ठीकच होतो. डॉक्टर म्हणाले, आता शिडी.

पहिला टप्पा झोकात. दुसरा टप्पा. तिसऱ्यावर पाय थरथरायला लागले. थांबायचं नव्हतं, पण थांबलो. मग हातही सुटेनात. वर जाता येईना, खाली येता येईना. खालून कोणी ओरडत नव्हतं, सगळे नुसते वर बघत उभे. खूप लाज वाटली. कितीतरी वर्षांत इतकी वाटली नव्हती.

शेवटी काडी केबिनमधून उतरून आला. म्हणाला, "खाली बघू नका. माझ्या हाताकडे बघा." एकेक पायरी करत त्याने मला जमिनीवर आणलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

उद्यापासून स्टोअर.

घरी बायको दारातच उभी होती. तिने विचारायच्या आत सांगून टाकलं, पास. मग मात्र ती हसली. भावाला फोन करायला निघाली, तर म्हटलं, राहू दे, मीच सांगेन.

४ नोव्हेंबर

स्टोअरला खिडकी नाही. हातमोजे उजवे जास्त, डावे कमी. क्रेनचा आवाज येतो, पण काय उचललं ते कळत नाही.

संध्याकाळी जेवताना बायकोने विचारलं, वरून आपलं घर दिसतं का हो? एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. म्हटलं, दिसतं की. गच्चीवरचे कपडेसुद्धा दिसतात. हे खरंच आहे. मी रोज दुपारी बघायचो, तिला कधी सांगितलं नाही.

तिने माझ्या ताटात भाकरी वाढली. मग म्हणाली, "उद्या दुपारी मी गच्चीवर येते. तुम्ही वरून हात करा. मी पण करीन."

हो म्हणालो.

सकाळी काडीला गाठलं पाहिजे, माझी पाळी आता तोच करतो. घर कुठलं ते समजावून सांगायचं, आणि म्हणायचं, दुपारी एक बाई दिसेल, तिला जरा हात कर.