माझा बसलेला घसा आणि तुझी अध्यापनपद्धती

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (शब्दशः घेऊ नकोस. माझ्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये आठांपैकी जेमतेम पाच अंगं मावतात. उरलेली तीन मनोभावे अर्पण.) तुझा गुडघा कसा आहे? आतोबा डोळ्यांत थेंब घालून घ्यायला लागले का, की अजून बाटली बघूनच डोळे मिटतात? माझं इथे ठीक चाललंय. 'ठीक' हा शब्द मी विचार करून वापरते आहे.

आधी खोलीचं सांगते. घरमालकीण सज्जन आहे, पण तिला जे सांगायचं ते ती चिठ्ठ्या चिकटवून सांगते. खिडकीवर 'जोर लावू नये', नळावर 'डावीकडे फिरवल्यास उकळते', आणि कपडे धुण्याच्या यंत्रावर चार कलमं. पहिल्याच आठवड्यात माझी पांढरी ओढणी तिच्या कुठल्याशा लाल मोज्याच्या संगतीला लागून गुलाबी झाली (आणि मोजा फिका झाला, हे जास्त गंभीर). संध्याकाळी यंत्रावर पाचवं कलम आलेलं होतं. त्यात माझं नाव नव्हतं, पण वर्णन इतकं अचूक होतं की पासपोर्टावरच्या फोटोतसुद्धा मी एवढी ओळखू येत नाही.

आता शाळा. तुला माहीत आहेच, मी इथे तीन महिन्यांची शिकाऊ शिक्षिका. वर्गात नऊ वर्षांची एकोणीस मुलं. एकोणीस! आपल्याकडे एवढी मुलं एका बाकाच्या आसपास सापडतात. ती मला 'बाई' म्हणत नाहीत, सरळ नावाने हाक मारतात. पहिल्या दिवशी एकाने मागून तशी हाक मारली तर मला वाटलं आईच आली, आणि मी घाईघाईने पसारा आवरायला लागले. मला ज्यांच्या हाताखाली दिलंय त्या वर्गशिक्षिकेला मी मनात 'भुवईबाई' म्हणते. त्या रागावत नाहीत, ओरडत नाहीत. डावी भुवई अर्धा इंच वर जाते आणि वर्ग चिडीचूप होतो. मीही होते.

माझी अडचण अशी झाली की माझे उच्चार मुलांना कळेनात. आणि समोरच्याला कळलं नाही की माणूस काय करतो? तेच पुन्हा मोठ्याने सांगतो. मी सांगितलं. तरी कळलं नाही, आणखी मोठ्याने सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले आणि दारातून विचारलं, "कुणाला लागलंय का?" मी म्हटलं, "नाही, अपूर्णांक चाललेत." त्या दिवशी भुवईबाईंनी माझ्या पाठाचा अहवाल लिहिला. एकच ओळ: 'शिक्षिका फार बोलते.' नियम असा आहे की निरीक्षणाचे पाठ दोन, आणि दुसराही घसरला तर प्रमाणपत्र नाही, गाशा गुंडाळून घरी. बाबांनी तर गल्लीभर सांगून ठेवलंय की मुलगी परदेशात शिकवते. ते आता दारोदार फिरून परत कसं घेणार?

दुसरा पाठ शुक्रवारी होता, विद्यापीठाच्या निरीक्षकांसमोर. गुरुवारी संध्याकाळी घसा बसला. साधासुधा बसला नाही, पाट मांडून बसला. मिठाच्या गुळण्या केल्या, हळद शोधली, गळ्याभोवती ती गुलाबी ओढणी गुंडाळली. शुक्रवारी सकाळी आरशासमोर 'नमस्कार' म्हणून पाहिलं तर कुलपात चुकीची किल्ली फिरवल्यासारखा आवाज आला.

पळून जायला जागा नव्हती, म्हणून वर्गात गेले. खडू घेतला, कागद घेतले, आणि मुक्यानेच सुरुवात केली. कागद दुमडला, उलगडला, एका भागाकडे बोट दाखवलं. मुलांना वाटलं, खेळ आहे. "अर्धा!" कुणीतरी ओरडलं. पुन्हा दुमडला. "पाव!" मग अंश आणि छेद कसे दाखवायचे? अंश वर असतो, म्हणून मी चार बोटं दाखवत खुर्चीवर चढले. छेद खाली असतो, म्हणून तशीच चार बोटं नाचवत टेबलाखाली शिरले. पोरं बाकांवर उभी राहून आरडाओरडा करत होती: "वर चार! खाली चार! मग तो एकच झाला की!" आत्या, खरं सांगते, टेबलाखाली बसल्याबसल्या मला हे जाणवलं की तीन आठवड्यांत या मुलांचे आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. खिडकीजवळच्या मुलीचा आवाज घोगरा आहे, मला माहीतच नव्हतं. मी सतत बोलत असताना कळणार तरी कसं?

तेवढ्यात समोर दोन चकचकीत बूट आले. वर पाहिलं तर निरीक्षक. बोलता येईना, बाहेरही येता येईना (ओढणी टेबलाच्या खिळ्यात अडकली होती), म्हणून मी तिथूनच हात जोडले. मग ती घोगरी मुलगी ओरडली, "दोन अर्धे मिळून एक!" सगळा वर्ग तसेच हात जोडून ओरडायला लागला. निरीक्षकांनी वहीत भराभर चार ओळी लिहिल्या. मागे भुवईबाई होत्या. त्यांच्या दोन्ही भुवया वर गेल्या होत्या. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

अहवालात आलं: 'शिक्षिकेने स्वतःचा आवाज जाणीवपूर्वक मागे ठेवला. असा संयम दुर्मीळ.' मी खरं सांगायचा प्रयत्न केला, देवाशपथ. पण घशातून फक्त खरखर आली आणि निरीक्षकांना वाटलं, मी गहिवरले. त्यांनी माझा खांदा थोपटला.

तर मी पास झाले. आई-बाबांना हे पत्र दाखवलंस तरी चालेल, मात्र इथपर्यंतच. आतोबांना नमस्कार, पिंट्यादादाच्या मुलांना पापे.

तुझी लाडकी (अशी माझी समजूत आहे),
भाची

ता. क. – सोमवारी घसा सुटला. मुख्याध्यापिकेने बोलावून विचारलं, ही पद्धत कुणाकडून शिकलीस? तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पण घसा सुटला की जीभही सुटते. मी म्हटलं, "माझ्या आत्याकडून. तिने बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय." यातलं दुसरं वाक्य तरी खरं आहे ना? तर या गुरुवारी तुमच्या संध्याकाळी सहा वाजता इथले सगळे शिक्षक तुला व्हिडिओवर भेटणार आहेत. 'मौनातून शिक्षण' या पद्धतीची जननी म्हणून. आत्या, तुझे पाढे ऐकून शाळेशेजारच्या पोस्टातल्या तिन्ही कारकुनांना एकोणतीसचा पाढा पाठ झाला होता, हे इथे कुणाला माहीत नाही. तू फक्त नीट साडी नेसून बस, मंद हस, आणि प्रश्न आला की मान हलव. उत्तरं मी देईन.

आणखी एक ता. क. – हे फोनवरच सांगणार होते. पण तुझ्याशी फोनवर बोलताना माझी पाळी कधी येते? शिवाय टपालाने गेलं तर गुरुवार उलटून जाईल, म्हणून पानांचे फोटो काढून आतोबांच्या फोनवर पाठवते आहे. ते तुला वाचून दाखवतील. त्यांचं पूर्ण वाचून होईपर्यंत मध्ये एक शब्दही बोलू नकोस. तेवढाच गुरुवारचा सराव होईल.