सामाईक जिना

२ मार्च २०२५

पायरी तुटली! दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधली, वळणावरची. किती महिने हलत होती, किती वेळा सांगितलं! आज सिलिंडरवाल्याचा पाय आत गेला. तो वाचला, सिलिंडर गडगडत खाली. सगळी बिल्डिंग बाहेर आली. चेअरमन नवनाथभाऊही आले. त्यांनी मान हलवली आणि कठड्याला लाल फडकं बांधलं. झाली दुरुस्ती!

वरून सासूबाई ओरडल्या, "कोण पडलं गं?" म्हटलं, कोणी नाही.

५ मार्च

सासूबाईंचं विहारात जाणं बंद. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. पायरी गाळून पाय टाकणं जमत नाही. दिवसभर खिडकीत बसून असतात. "तुरुंगात पण अंगणात फिरवतात," म्हणाल्या.

९ मार्च

सोसायटीची सभा, खाली पार्किंगमध्ये. मी जिन्याचं बोलायला उठले. नवनाथभाऊ — "वहिनी, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?"

सासूबाईंच्या. सातपूरच्या कंपनीत पॅकिंगला उभं राहून राहून घेतलेला.

"मग सभासद त्या. तुम्ही बसा."

बसले. आणि बसूनच बोलले! जिना सामाईक आहे, तो सोसायटीनेच दुरुस्त करायचा, हे उपविधीत लिहिलंय. तीस वर्षांवरच्या इमारतीची दर तीन वर्षांनी तपासणी करायची, हेही लिहिलंय. आमच्या इमारतीची एकदाही नाही. — मला बसायला सांगितलं होतं, गप्प बसायला नाही.

११ मार्च

आज कळलं सगळं. पहिल्या मजल्यावरची चैताली गच्चीत कपडे वाळत घालताना जवळ आली. हळूच म्हणाली, "मीनाताई, माझं नाव घेऊ नका. बिल्डर आमच्याकडे येऊन गेला. म्हणाला, आता एक वीटही लावू नका. इमारत जितकी खराब दिसेल तितकं चांगलं. एकदा धोकादायक ठरली की पाडून नवी बांधायला नको म्हणणारे आपोआप बाहेर."

नको म्हणणाऱ्यांत आम्ही पहिले. पाडल्यावर जागा वर्षानुवर्षं तशीच पडून राहिलेली मी पाहिलीय. सासूबाईंनी तोवर कुठे राहायचं?

म्हणजे पायरी दुरुस्त करायची कोणी विसरलं नव्हतं. ती मुद्दाम तशी ठेवली होती!

१२ मार्च

नवरा, अमित, म्हणतो, "कशाला अंगावर घेतेस?" म्हटलं, अंगावर पडण्यापेक्षा घेतलेलं बरं.

१५ मार्च

राखीकडे गेले. शाळेतली मैत्रीण, आता वकील. तिने तक्रार लिहून दिली. "नोटीस जाईल, उत्तर येईल, सुनावणी लागेल. वेळ लागतो गं. आणि तोवर जिन्याला हात लावू नकोस. सामाईक जागेत परवानगीशिवाय काम केलंस तर ते उलट तुमच्यावरच तक्रार करतील."

येताना बसमध्ये तेच डोक्यात. जिना मोडू दिला तर कोणी विचारत नाही. बांधला तर गुन्हा!

लावणार हात.

२२ मार्च

काम सुरू! भर सकाळी, सगळ्यांसमोर. लपूनछपून नाही. गवंडी बारकू, पेठकडचा. त्याने फोडून पाहिलं. "सळई गंजलीय ताई, पण जिना मरायचा नाय. धरील."

अर्ध्या तासात नवनाथभाऊ हजर. "कोणाच्या परवानगीने?"

मी तोंड उघडायच्या आत वरून आवाज — "माझ्या गुडघ्यांच्या!"

सासूबाई! दारात खुर्ची टाकून बसलेल्या.

नवनाथभाऊंनी पोलिसांना फोन केला. दोघे आले. मोठा हवालदार बारकूने टाकलेल्या फळीवरून जपून वर चढला, आमच्याकडे पाणी प्यायला. उतरताना नवनाथभाऊंना म्हणाला, "सोसायटीचं भांडण आहे, तुमचं तुम्ही बघा." आणि बारकूला — "कठडा पण मजबूत कर रे."



२३ मार्च

सिमेंट ओलं आहे. पाणी मारलं. शेजाऱ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

२५ मार्च

नोटीस आली. माझ्या नावाने नाही, सासूबाईंच्या! 'सामाईक मालमत्तेचे नुकसान केल्याबद्दल आपले सभासदत्व रद्द का करू नये?' सभा महिन्याने.

राखी म्हणाली, तीन चतुर्थांश मतं लागतात. पण सासूबाईंनी स्वतः येऊन बाजू मांडलेली बरी.

"म्हणजे मला खाली बोलावतायत?" सासूबाई म्हणाल्या. "येते म्हणावं."

२७ एप्रिल

सगळं लिहायला हवं.

पांढरी साडी, केस चापून विंचरलेले. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "कठडा कशाला केलाय मग?" एकेक पायरी उतरल्या. नुसता चपलांचा आवाज.

नवनाथभाऊंनी आरोप वाचले. सासूबाई बसल्या नाहीत.

"मी जिन्याचं नुकसान केलं म्हणता. त्याच जिन्यावरून आत्ता आले. पायरी हलायला लागल्यापासून तुमची आई वरच आहे ना, नवनाथ? तिला का नाही आणलंत?"

त्यांनी पुढचा कागद उलटला.

"मला काढायचंय त्याने हात वर करावा. पण माझ्याकडे बघून."

तीन हात वर. मग चौथा अर्धवट, तो खाली आला.

आणि चैताली उभी राहिली! नवरा हात ओढत होता, बसली नाही. बिल्डर काय म्हणाला ते सगळं सांगितलं, शब्दन् शब्द. एकच गलका. नवं घर हवं म्हणणारेसुद्धा ओरडले — "हवंय, पण असं? आमची पोरं नाही का त्या जिन्यावरून येत-जात?"

नवनाथभाऊंनी कागद टेबलावर टाकले. "मग चालवा तुम्हीच!"

"चालवू की," सासूबाई म्हणाल्या.

वर चढताना मधल्या मजल्यावर टेकल्या. दम लागला होता. म्हणाल्या, "भीती वाटली गं." मलाही.

१८ मे

सासूबाई चेअरमन! चैताली सेक्रेटरी. पहिलं काम — इमारतीची तपासणी. इंजिनिअर आपल्यापैकी कोणाच्या ओळखीचा नको, असं सासूबाईंनी बजावलं. "जे निघेल ते मानायचं. आवडो, न आवडो."

८ जून

तपासणी झाली. इमारत टिकेल! फक्त पुढच्या खांबांवरचं जादा ओझं उतरवायचं. सगळ्यात जास्त ओझं तिसऱ्या मजल्यावर. गॅलरी विटांनी बंद करून केलेलं स्वयंपाकघर, विनापरवाना — माझं!

संध्याकाळी चहा घेताना सासूबाईंनी नोटीस माझ्या हातात दिली. स्वतःची सही करून. "पंधरा दिवस आहेत, मीना. हरकत असेल तर लेखी दे."

खूप भांडले. मग ओट्यावरची शेगडी उचलून आतल्या खोलीत नेली.