साळुबाईंची समुद्रयात्रा आणि त्रेचाळीस नारळ

डिंगोरे, ता. जुन्नर
२१ एप्रिल

ती. दाजींच्या चरणी,

धाकटा मेव्हणा अमृत याचा साष्टांग नमस्कार. हे पत्र घरी न पाठवता तुमच्या बंदरावरच्या ऑफिसात पाठवतोय, त्याबद्दल आधी माफी मागतो. फोन केला असता तर तो आक्काने उचलला असता, आणि आक्काला कळलेली गोष्ट पाच मिनिटांत आईला कळते. (आक्कापासून काही लपवायचं आहे असं नाही. म्हणजे आहे, पण त्यात वाईट काही नाही. वाईट असतं तर मी लिहिलंच नसतं, असं मला वाटतं.) तुमची शुगर आता किती असते? आक्काचा गुडघा जिना चढू देतो का? इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. कोणी आजारी नाही एवढं मी खात्रीने लिहू शकतो. खुशालीचं तुम्ही पत्र वाचून ठरवा.

झालं असं, की श्रेया जूनपासून होस्टेलला जाणार. जया म्हणाली, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण आपण सगळे मिळून लग्नकार्याशिवाय कुठे गेलेलो नाही. आता नाही गेलो तर पुढे पोरीच्या लग्नातच भेटू. मला ते पटलं. समर्थला मोठ्या पाळण्यांचा पार्क हवा होता, श्रेयाला जहाज, आणि आई म्हणाली, मला काय, समुद्र दिसला तरी पुष्कळ. मी तीन आठवडे कागदावर रकाने पाडून विचार केला (कॉलेजच्या ग्रंथालयात बसून केला, पण दुपारच्या सुट्टीत, याची रोजनिशीत नोंद आहे) आणि शेवटी जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेतल्या परवेजच्या दुकानात जयाला घेऊन गेलो. तिथे झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि सहली असं तिन्ही मिळतं. परवेज म्हणाला, "सर, तुम्ही पुस्तक देता तसं मी पॅकेज देतो. फरक एवढाच, परत आणून द्यायचं नाही." एक दिवस खोपोलीच्या बाजूचा मोठा पार्क, एक दिवस पाण्याचा पार्क, मग मुंबईहून जहाज, दोन रात्री समुद्रात फिरून परत मुंबई. मी विचारलं, परत मुंबईलाच यायचं तर जायचं कशाला? परवेजने पावतीपुस्तक उघडलं. जया म्हणाली, "तुम्ही रोज जुन्नरला जाऊन परत येता, तेव्हा कोणी विचारतं का?" त्यावर मी बुकिंगची सही केली.

इथवर सगळं सरळ होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आई दूध घालायला डेअरीवर गेली आणि तिथे गेणभाऊंनी तिला विचारलं, काय साळुबाई, कुठं निघाला म्हणं? (गेणभाऊ आमच्या शेजारचे. आम्ही नसताना आमच्या दोन्ही गाई तेच बघणार आहेत, तेव्हा त्यांचा विचारायचा हक्क मी मान्य करतो.) आता बहात्तर वर्षांच्या बाईने, कॅन हातात धरून, दहा माणसांसमोर "पाळण्यात बसायला निघाले" असं कसं सांगावं? आई लाजली. ती म्हणाली, "समिंदराला. यात्राच म्हना की." हे मला तेव्हाच कळलं असतं तर मी धावत जाऊन दुरुस्त केलं असतं. पण मला कळलं संध्याकाळी, आणि तोवर दारात पहिला नारळ आला होता.

आपल्याकडे यात्रेला निघालेल्या माणसाचं काय करतात हे तुम्हाला ठाऊक आहे. आठ दिवसांत आईची आणि जयाची नऊ वेळा ओटी भरली गेली. मला सात टॉवेल, सात टोप्या मिळाल्या. पाच घरी पुरणपोळीचं जेवण झालं आणि दोन घरांचं राहिलंय. लोक आईच्या पाया पडू लागले, आणि पाया पडून प्रत्येकाने एकेक नारळ दिला, माझ्या नावाने समुद्रात सोडा म्हणून. आज सकाळपर्यंत त्रेचाळीस नारळ झाले. सगळे एकसारखे दिसतात. कोणाचा कोणता हे विसरलं तर तो विश्वासघात होईल, असं वाटून मी ग्रंथालयात पुस्तकांना देतो तसे प्रत्येकाला दाखल क्रमांक दिले, शेंडीखाली चिठ्ठी चिकटवली आणि वहीत देणाऱ्याचं नाव, तारीख आणि शेरा असे रकाने केले. (शेऱ्यात "पाणी हलतं" किंवा "पाणी हलत नाही" असं लिहिलंय. क्रमांक सतरामधलं हलत नाही. तो कोणाचा हे मी इथे लिहीत नाही.)

मी गप्प बसलो असं समजू नका. पहिल्या नारळाच्या वेळीच सांगावं की नाही, यावर मी रोजनिशीत दोन पानं दोन्ही बाजूंनी लिहिली. निर्णय झाला तेव्हा अकरावा नारळ घरात आला होता. तरी मी डेअरीवर गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, गेणभाऊ, ही यात्रा नाही, सहल आहे. ते म्हणाले, "सर, समिंदर तर खरा हाय ना?" म्हटलं, आहे. "आन त्या पार्कात काय आसतंय?" म्हटलं, पाळणे असतात, खाण्याची दुकानं असतात, गर्दी असते. "मग जत्रंत येगळं काय आसतंय, राव?" मी घरी आलो आणि बारावा नारळ वहीत नोंदवला. वर सगळे विचारतात, माघारी आल्यावर मावंदं कधी घालणार? आता पार्क बघून आलेल्या माणसाने गावजेवण घालावं का, हा प्रश्न मी जयाला विचारला. ती म्हणाली, "पुरणपोळ्या खाताना विचारायचा होता."

आईने तर यात्रा मनावरच घेतली. तिने सुकट सोडली. आईने सोडली म्हणून घरात बंद झाली, आणि समर्थ आता चुलत्याच्या घरी जाऊन बोंबील खातो आणि पेरूचं पान चावून घरी येतो. मग ती जुन्नरला परवेजच्या आजीला भेटायला गेली. या जोहराबी आमच्या ओळखीतल्या समुद्रावरून प्रवास केलेल्या एकट्याच. सत्त्याऐंशी साली नवऱ्याबरोबर जहाजाने हजला गेल्या होत्या. त्यांनी आईला जवळ बसवून सांगितलं, "साळू, सात दिवस निस्तं पानी. पयले तीन दिवस उलट्या, मंग लई भूक लागती. लिंबू घे, लोणचं घे, आन खाली बघू नको, लांब बघ." मग त्यांनी विचारलं, "तुमी पोचनार कुठं?" आई म्हणाली, कुठंच न्हाई, फिरून माघारी. जोहराबी म्हणाल्या, "मंग उलट्या कशाला करायच्या?" त्यांनी पिशवीभर खजूर दिला आणि बजावलं की हा पाण्यात सोडायचा नाही, खायचा आहे. (त्याला मी क्रमांक दिलेला नाही.)

खरी अडचण परवा आली. परवेजने जहाजाच्या नियमांचा कागद दिला. मी तो तीनदा वाचला. बाहेरचे खाद्यपदार्थ आणता येणार नाहीत, आणि जहाजावरून पाण्यात काहीही टाकता येणार नाही. परवेजने मुद्दाम फोन लावून त्रेचाळीस नारळांचं विचारलं, तर पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली की सर, काळजी करू नका, नारळपाणी जहाजावरच मिळेल. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग मी येत न्हाई. तुमी जावा." मी समजावलं. ती म्हणाली, "चिमाबाईचा नारळ कुठं ठिवू?"

चिमाबाई तुम्हाला आठवतील, आमच्या मागच्या आळीच्या. आता त्यांना उंबरासुद्धा ओलांडता येत नाही. त्यांनी नारळ नातवाबरोबर पाठवला नाही. आईला घरी बोलावलं, स्वतः पुसून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, माझ्या वाटणीचा समुद्र बघून ये. बाकी बेचाळीस नारळांपुढे मी काहीतरी पळवाट काढली असती. या एकापुढे निघत नाही.

जयाने सुचवलं, पुष्पावतीत सोडा, पाणी शेवटी समुद्रालाच जातं. मी नकाशा काढून बघितला. पुष्पावती कुकडीला मिळते, कुकडी घोडला, घोड भीमेला, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा जाते बंगालच्या उपसागरात. म्हणजे लोकांनी दिलेले नारळ भलत्याच समुद्राला जाणार. हे मी जयाला नकाशासकट दाखवलं. तिने नकाशाची घडी घालून कपाटात ठेवली.

तेव्हा दाजी, विनंती अशी. उरणला तुमच्या घरापासून किनारा चालत दहा मिनिटांवर आहे. आम्ही जहाजाच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे उतरावं, आईने स्वतःच्या हाताने सगळे नारळ सोडावेत (नावं मी वाचीन) आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मुंबईला जावं. मला कल्पना आहे की जावयाच्या घरी पाच माणसांनी आणि त्रेचाळीस नारळांनी मुक्काम करणं बरं नव्हे. आई तर वीस वर्षांत तुमच्याकडे दोनदाच आली, दोन्ही वेळा बाळंतविडा घेऊन, आणि दोन्ही वेळा संध्याकाळच्या एसटीने परत फिरली. म्हणून आमंत्रण तुमच्याकडून यावं. मी सुचवलं असं कळलं तर ती येणार नाही. तुम्ही बोलावलं तर तिला नाही म्हणता येणार नाही.

आक्काला नमस्कार. भाच्यांना आशीर्वाद.

तुमचा,
अमृत

ता. क. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण पुन्हा वाचल्यावर दिसलं की मुख्य गोष्ट राहिली. परवा गोठ्यात गेलो तर आई आणि समर्थ पेंडीच्या पोत्यावर बसून मोबाईल बघत होते. त्या खोपोलीच्या बाजूच्या पार्कात एक होडी आहे. ती माणसांना घेऊन हळूहळू डोंगरावर चढते आणि एकदम खाली पाण्यात कोसळते. आई तेच बघत होती. होडी कोसळली की ती पदर दातात धरायची आणि मग म्हणायची, "परत लाव." मी आडोशाला उभा राहून मोजलं, सतरा वेळा. (आडोशाला उभं राहणं योग्य नव्हतं, हे मान्य.) समर्थ म्हणाला, आज्जी, आपण बसू की हिच्यात. ती म्हणाली, "लोकं पाया पडली न्हाईत तवर बसले आसते रं. आता कसं बसायचं?" दाजी, माझ्या आईने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली दुसरी कुठली वस्तू मला आठवत नाही. म्हणून तुम्ही एक दिवस रजा काढून त्या पार्कात यावं आणि आईला सांगावं, की मला होडीत बसायचंय, पण एकट्याला भीती वाटते, तुम्ही सोबत बसा. मुलाचं ती ऐकणार नाही. जावयाने मागितलेली सोबत ती नाकारणार नाही. गावालाही मग काही बोलता येणार नाही.

ता. क. दुसरा. वरच्या ता. क. मध्ये हेतू अगदी शुद्ध असल्यासारखा दिसतो, म्हणून हे लिहिणं भाग आहे. होडीत दोघादोघांच्या जागा आहेत. श्रेया आणि समर्थ एकत्र बसणार. जया म्हणते, मी खाली पिशव्या सांभाळते. म्हणजे आईशेजारी मीच उरतो. काल आईला तपासायला नारायणगावला नेलं होतं. डॉक्टरांनी होडीचा व्हिडिओ बघितला, दोघांचंही बीपी घेतलं आणि म्हणाले, आजींना बसू द्या, त्यांना काही धोका नाही. तुम्ही मात्र बसण्याआधी थोडं पाणी प्या.

ता. क. तिसरा. पाकीट आणायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर समर्थ हे पत्र मोठ्याने वाचत होता आणि आई तांदूळ निवडत ऐकत होती. दुसऱ्या ता. क.पर्यंत वाचून झालं होतं. ती म्हणाली, "जावयाला भ्या वाटतंय म्हनून लिवलंस व्हय?" म्हटलं, हो. "खरंच वाटतंय का त्यास्नी?" म्हटलं, मला माहीत नाही. तिने सुपातले चार खडे बाजूला केले. मग म्हणाली, "जावयाशेजारी बसून मला आरडता येतंय का? तोंड दाबून बसायचं आसंल तर घरीच बरी. शेजारी तूच बस. आन पुढची शीट धर. मागं बसून निस्ती लोकांची डोकी दिसत्यात."

तेव्हा दाजी, होडीची विनंती रद्द समजावी, नारळांची कायम आहे. रजा मात्र काढाच. होडीतून मला उतरवून घ्यायला खाली कोणीतरी धडधाकट माणूस लागेल, जया एकटीला मी झेपणार नाही.