सत्तेचाळीस फुटांची उतरण

तात्या, दोन महिन्यांपूर्वी मी हॉलमधली मनीप्लांटची वेल खाली उतरवली. ही वेल तुम्ही पाहिलेली नाही. तुम्ही गेलात, त्यानंतर सहा वर्षांनी राहुरीत हे घर बांधलं, तेव्हा लावलेली. तीन पेरांचं कांडं, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. उतरवायच्या आदल्या दिवशी स्टीलच्या टेपनं मोजली तर सत्तेचाळीस फूट तीन इंच भरली. कोपऱ्यातल्या कुंडीतून निघायची, दारावरून जायची, घड्याळाच्या खालून खिडकीला वळसा घालायची आणि समोरच्या भिंतीवरून परत दाराकडं. दर नऊ इंचांवर भिंतीत ठोकलेला एक आकडा, आणि आकड्यांची रेघ पातळीसाठी पाण्याची नळी धरून आखलेली. कारखान्यात पंचवीस वर्षं फिटर म्हणून काढली, मला वाकडी रेघ दिसली की जेवण जात नाही.

हे सगळं मी माझं मी शिकलो. वेल वर चढवली की पान मोठं येतं आणि लोंबती सोडली की बारीक होत जातं, हे दोन कुंड्या शेजारी शेजारी ठेवून दीड वर्ष बघितलं. बांधायचं ते पेरावर नाही, पेराच्या दोन बोटं खाली, आणि गाठीतून काडेपेटीची काडी सहज सरकली पाहिजे. रविवारी पानं ओल्या फडक्यानं पुसायची, खालून तळहाताचा आधार देऊन. गल्लीतले लोक पाहुण्यांना घेऊन वेल दाखवायला येतात. येतात तेव्हा चपला बाहेर काढाव्या लागतात. तुमची सून म्हणते, "घर हाय का पानमळा?" चपला बाहेरच राहतात. कोल्हारला नदीकाठच्या ज्या पानमळ्यात तुम्ही राबायचात, तिथं मालकसुद्धा अनवाणी यायचा, हे तिला कुठून ठाऊक असणार.

तर झालं काय, की वेल शेंड्याकडं हिरवीगार आणि बुडाकडं उघडी पडत गेली. कुंडीपासून एकोणीस फूट एकही पान नाही. मी पाणी बदललं, शेणखत दिलं, कुंडी उजेडाकडं फिरवली. शेवटी शेंड्याची नवी पानंही पिवळी यायला लागली. सोळा वर्षांची वेल, डोळ्यांदेखत चालली होती. तुमच्या सुनेनं एका वाक्यात निकाल दिला. "अहो, भिंतीला नुसती दोरी बांधल्यावानी दिसतंय. कापा आन् नवी लावा." मी म्हटलं, कापणार नाही, उतरवणार. ती म्हणाली, एकच झालं. एकच नाही, हे तिला समजावून सांगताना माझ्या लक्षात आलं की मी तुमच्या शब्दांत बोलतोय.

कारण उतरण मी केली होती एकदा, तुमच्या हाताखाली, एकोणीस वर्षांचा असताना. मळ्यातल्या पानवेली शेवरीच्या झाडांवर पार वर गेलेल्या. त्या सोडवून खाली घ्यायच्या, उघड्या पडलेल्या वेलीची चुंबळ करून बुडाशी मातीत दाबायची, शेंडा तेवढा वर ठेवायचा. म्हणजे दाबलेल्या पेरापेराला मुळ्या फुटतात आणि वेल पुन्हा तरणी होते. तुम्ही एक वेल उतरवून दाखवलीत. शेंडा खांद्यावर घेतलात, लव्हाळ्याची एकेक गाठ सोडवत, झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी. मला वाटलं, यात काय मोठं. बांधणीत माझा हात तुमच्यापेक्षा वेगानं चालायचा, सगळे म्हणायचे. मी ओढल्या. पहिल्याच ओळीत चार शेंडे माझ्या हातात आले. तुम्ही येता, खाली पडलेले शेंडे उचलता, धोतरानं माती पुसता, आणि माझ्याकडं न बघता बोलता, "तुला चढवाया येतं, उतरवाया न्हाई. जा, पानी धर." चार माणसांत बोललात. मी पाणी धरलं, पण त्या वर्षीच कारखान्यात लागलो आणि मळ्यात पुन्हा पाय टाकला नाही. आता तिथं ऊस आहे.

तर दोन महिन्यांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळी नऊला शिडी लावली. दोन फूट रुंद घमेलं आणलं होतं, बुडाला सात भोकं पाडून. जुनी कुंडी फोडून मुळांचा गड्डा मधोमध बसवला. मग शेंडा खांद्यावर घेतला आणि एकेक आकडा मोकळा करत गेलो. उघडी वेल घमेल्यात गोल फिरवली, चार वेढे बरोबर बसले. तुमच्या सुनेच्या केसांचे आकडे वाकवून प्रत्येक पेर मातीला टेकवलं, वर बोटभर माती. उरलेली हिरवी वेल पुन्हा भिंतीवर, त्याच रेघेत. दुपारचे तीन वाजले. एकविसाव्या दिवशी मातीतून पहिला कोंब आला. आज मोजून सतरा आहेत, आणि नवं पान तळहातापेक्षा मोठं आहे. अशी उतरण घरात, हॉलमध्ये, टाईल्सवर मातीचा कण न सांडता कोणी केली असेल तर मला दाखवावी. तुम्ही असता तर हाताला धरून आणलं असतं. तुम्ही काही बोलला नसता, हेही माहीत आहे. घमेल्याशी उकिडवे बसला असता, तेवढं पुरलं असतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकतो. त्या दिवशी शेवटचे पाच आकडे राहिले होते, खांदा भरून आला होता, आणि तुमची सून चहा टाकायला आत गेली होती. शेंडा हातभर तुटून माझ्या हातात आला. ती बाहेर येईपर्यंत मी ब्लेडनं टोक सरळ कापून तो बाटलीत ठेवला होता. तिला सांगितलं, मुद्दाम खुडला, म्हणजे बाजूनं फांद्या फुटतात. फुटतातही, ते खोटं नाही. तिनं ते शेजारी सांगितलं. आता गल्लीतल्या तीन घरांत माझ्या शब्दावर शेंडे खुडतात, आणि किती खाली खुडायचा ते विचारायला माझ्याकडं येतात. मी बोटानं दाखवतो. तात्या, मी खुडला नव्हता. मी ओढला.