पुढच्या पंखांचं पान

२ फेब्रुवारी
निकितानं कॉलेजच्या प्रोजेक्टासाठी केलेल्या छोट्या विमानाले शेपूटच नाही! शेपटीचे छोटे पंख तिनं नाकाजवळ लावले. मी म्हटलं, "उलटं जोडलं वं पोरी!" म्हणे, "आजी, असंच असते. कॅनार्ड म्हणतात याले." अन् हसली. मागच्या साली प्रोजेक्टात नापास झाली तवापासून नात माझी मूग गिळून होती. यंदाही गेली तं इंजिनेरीची डिग्री अडकते. हसली — उपकार झाले त्या पंखांचे.

४ फेब्रुवारी
भाकरी थापता थापता विचारलं, पुढं कायले पंख? सांगते — शेपूट विमानाले मागून खाली दाबते, तवा नाक वर राह्यते. दाबलं म्हणजे ओझं वाढलं. पुढचे पंख दाबत नाहीत, वर उचलतात. फुकट खाणारं कोणी नाही!
"मंग सगळेच काहून नाही लावत?"
"शाब्बास आजी! सर हेच विचारतील."
खोट अशी — विमान लय हळू झालं की पंख उचलणं सोडतात. पुढच्यानं आधी सोडलं पाहिजे. नाक खाली येते, वेग येते, विमान सावरते. मागच्या मोठ्या पंखानं आधी सोडलं तं विमान शेपटाकडं खाली बसलं, जशी मागं ओझं झालेली बैलबंडी उलार होते. म्हणून मोठ्या पंखाकडून पुरतं काम घेताच येत नाही. मंग विमान उतरते जोरात, थांबाले जागा लय खाते.
चौथी शिकलेल्या म्हातारीले समजवता समजवता पोरगी कटाळली नाही. बरं वाटलं.

८ फेब्रुवारी
विमानातली ही सारी खोट तिनं परीक्षेत दाखवायच्या वहीत लिहिली! उतरल्यावर विमान चुन्याच्या रेषेच्या आत थांबवायचं असा नियम — अन् ही लिहिते, "दहा पावलं पुढं जाईल." तीस वर्षं दारव्ह्याच्या बाजारात वांगे विकले मी. किडकं वांगं वर मांडते काय कोणी? म्हणे, "आजी, हा बाजार नाही." सून दीपमाला म्हणे, "आई, तिले ठाऊक आहे तिचं." कोणाले काय ठाऊक!

९ फेब्रुवारी
ते पान फाडलं. चुलीत टाकलं. तिच्याच भल्यासाठी.

१४ फेब्रुवारी
परीक्षा झाली. मीही गेलती, लोहाऱ्याजवळच्या मैदानावर.
उडालं! चढता चढता हळू झालं, नाक खचकन खाली! मंग आपसूक सावरलं. उतरलं मात्र जोरात. रेषा ओलांडून गवतात.
परीक्षा घेणारे साहेब म्हणे, "आत थांबायला हवं होतं." साहेबानं निकिताची वही उघडली. पान नाही. मी आपली चपलेकडं पाहून राह्यली. तिनं वही मिटली अन् उभ्या उभ्या सारं घडाघडा सांगितलं — दहा पावलांचंही. साहेबानं सोता चालत जाऊन मोजलं. बारा. 

१५ फेब्रुवारी
निकाल नाही. चारदा निकितालेच विचारलं.

१७ फेब्रुवारी
पास!! साहेब म्हणे, "विमानं बाकीच्यांचीही उडाली. आपलं कुठं कमी पडतं, ते हिनंच सांगितलं." बरं झालं पोरीनं माझं ऐकलं नाही. त्या साहेबाचंही भलं होवो.

१८ फेब्रुवारी
आज सांगून टाकलं तिले, पान मी फाडलं. दात घासून राह्यलती. चूळ भरली अन् म्हणे, "माहीत आहे. अर्धं चुलीबाहेरच पडलं होतं."
"मंग पुन्हा काहून नाही लिहिलं?"
"तू पुन्हा फाडलं असतं. म्हणून पाठ केलं."