पदवीदानाच्या दिवशीचा फोटो

ओकायामा, ३ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना फुमिकाचा सा. न. वि. वि.

तुम्ही चिडाल, तरी लपवत नाही. तुमच्या स्टेशनसमोरच्या पाचिंकोच्या जुगारी हॉलमध्ये मी तुमच्या नावाचा अर्ज दिलाय. घरच्यांनी फोटो दिला की ते त्या माणसाला दारातच अडवतात. आईच्या स्मृतिदिनाला भिक्षू येऊन मंत्र म्हणून गेले आणि तुम्ही मशीनपुढून उठला नाहीत. समुपदेशन केंद्रात मी रोज लोकांना सांगते, हा आजार आहे, स्वभाव नव्हे. मग घरात गप्प कशी बसू? जिंकून तरी काय करायचंय तुम्हाला?

फोटो माझ्या पदवीदानाचा दिलाय. घरातली पहिली पदवी म्हणून तुम्ही भाड्याचा सूट घातला होता आणि हसणं काही केल्या थांबत नव्हतं. तो चेहरा कुणीही ओळखेल.

नुसत्या कपातल्या नूडल्सवर राहू नका. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
फुमिका

योनागो, १३ नोव्हेंबर

चि. फुमिकास अनेक आशीर्वाद.

बाईसाहेब, चिडलो नाही. तुझं पत्र आलं त्या दिवशी दारात टोपी काढून मुद्दाम उभा राहिलो. कुणी अडवलं नाही. तेव्हापासून रोज जातोय.

काल तिथली मिझुशिमा तू दिलेला फोटो घेऊन रांगांतून फिरत होती. अकरा वर्षं ती मशीनमधून पडणाऱ्या माझ्या लोखंडी गोळ्यांच्या टोपल्या उचलतेय. मला म्हणाली, आजोबा, तुम्ही तर रोजचे. हे गृहस्थ दिसले तर सांगा हं, घरचे काळजीत आहेत. मी फोटो नीट पाहिला. म्हटलं, नाही बुवा, यांना इथं कधी पाहिलं नाही. खोटं बोलतोय असं वाटलंच नाही.

जिंकायचं नसतं गं. मशीनच्या पडद्यावर दोन मासे जुळतात, तिसरा सावकाश येतो आणि एक घर पुढे सरकतो. तेवढ्या वेळात तुझी आई गेलेली नसते. मीही कुठे नसतो. तिन्ही जुळले की उलट वैताग येतो. दिवे लागतात, लोक बघतात.

तिथून उठलो तसाच स्टेशनवरच्या यंत्रात फोटो काढलाय. सोबत आहे. तो त्यांना दे. मीच देणार होतो, पण दाराशी गेलो की पाय आत वळतात.

माया असू दे.
बाबा

ओकायामा, १८ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांना सा. न.

पाकीट उघडलं तेव्हा वाटलं, कुणा दुसऱ्याचा फोटो चुकून आलाय. मग भुवईवरची खूण दिसली.

काल रजा काढून योनागोला आले होते आणि तो हॉलमध्ये दिला. मिझुशिमाबाई पाहताक्षणी म्हणाल्या, हे तर आमचे रोजचे आजोबा. मग पदवीदानाचा फोटो परत करत त्यांनी विचारलं, हे कोण मग? मी म्हटलं, हेही तेच. त्यांनी दोन्ही फोटो बराच वेळ शेजारी धरले आणि मान हलवली.

काचेतून तुमची पाठ दिसत होती. हाक मारायचा धीर झाला नाही.

शनिवारपासून तुम्हाला अडवतील. तिथून वळल्यावर कुठे जायचं ते तुम्हाला सुचणार नाही, म्हणून दहाला हॉल उघडताना मी बाहेर उभी असेन. मला ओळखाल, एवढा लोभ असावा.

तुमची,
फुमिका