ओट्यासमोरचं दार

ता. चोपडा
१४ एप्रिल

ती. अक्कास,
धाकट्या शीतलचा शि. सा. न. वि. वि.

मोबाइल असताना पत्र कसलं लिहिते म्हणून हसू नको. आमच्याकडे रेंज येते ती फक्त पुढच्या ओट्यावर, आणि ओट्यावर सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या जेवणापर्यंत माझे सासरे, अभिमन नाना, खाट टाकून बसलेले. भोवती केळीच्या भावावर बोलणारी चार माणसं. तिथे उभं राहून तुला काय सांगू, की मला उन्हाळी लागली आहे?

हो, तेच. जळजळ होते आणि थोडंथोडं होऊन थांबतं. सातवा महिना आहे, असं होतंच, असं सासूबाई म्हणतात. फार मायेच्या आहेत गं त्या. रोज आठवणीने धण्या-जिऱ्याचं पाणी करून देतात आणि मी त्यांची पाठ वळली की ते मोरीत ओतते. रागावू नको. प्यायलं तर जावं लागतं, आणि जायचं कुठून?

संडास आहे, चांगला टाइल्स लावलेला. नानांनी हौसेने बांधला. पण मागे गोठा आणि शेजाऱ्याची भिंत, म्हणून तो अंगणात पुढे आला आणि दार बरोबर ओट्यासमोर. या घरात सून सासऱ्यांच्या समोरून आडवी जात नाही, मग हातात पाण्याचा डबा घेऊन तर विचारूच नको. मोरी स्वयंपाकघरात, पिण्याच्या माठाला लागून. तेव्हा आम्ही दोघी नाना उठायच्या आधी जातो, नाहीतर बैठक पांगल्यावर. मधल्या वेळात पाणी प्यायचं नाही, झालं. सासूबाईंना तर भर उन्हाळ्यातही दुपारी तहान लागत नाही. गल्लीतल्या बाया कौतुक करतात त्यांचं. मला मेलीला मात्र लागते.

हे केळीचा ट्रक घेऊन रावेरहून दिल्लीला गेलेत. त्यांचं बरं आहे, सगळा हायवे मोकळा! तू शाळेत जीवशास्त्र शिकवतेस, तर एखादं औषध कळव. आणि दाजींना यातलं एक अक्षर सांगशील तर बघ.

रागावलीस तरी माया आहे तशी ठेव.
तुझी
शीतल

*

धुळे
१९ एप्रिल

चि. सौ. शीतलला,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

अगं वेडाबाई, धण्याचं पाणी मोरीत ओततेस? दहावीचे गठ्ठे बाजूला सारून लिहायला बसले आहे, इतका संताप आलाय. आधी लघवीला लघवी म्हणायला शीक. पत्रभर नुसतं ‘तेच’ आणि ‘जावं लागतं’! मी हा शब्द वर्गात फळ्यावर लिहिते, अजून कुणी मेलं नाही.

आता नीट वाच. पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला दोन मूत्रपिंडं असतात, तुझ्या मुठीएवढी, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची. अंगातलं सगळं रक्त दिवसभर पुन्हापुन्हा त्यांच्यातून जातं. कामाचं ते रक्तात परत सोडतात, नको असेल ते पाण्याबरोबर बाजूला काढतात. तीच लघवी. ती दोन बारीक नळ्यांतून खाली मूत्राशयात उतरते. मूत्राशय म्हणजे स्नायूंची पिशवी. भरत आली की ती वर मेंदूला कळवते, आणि तू तिला दटावतेस, गप बस, नाना बसलेत!

आपल्या बायकांत तिथून बाहेरची वाट बोटाच्या दोन पेरांएवढी. जंतूंना आत शिरायला वेळ लागत नाही. आपण पाणी पितो, लघवीला जातो, तेव्हा ते धुऊन निघतात. तू ते धुणंच बंद केलंस. त्यात वाढतं पोट त्या नळ्यांवर दाब देतं, उजवीकडे जास्त, म्हणजे लघवी वरच तुंबते. जंतू चढत मूत्रपिंडापर्यंत गेले तर हुडहुडी भरून ताप येईल, पाठीत कळ येईल आणि बाळ दिवस भरायच्या आत बाहेर यायला बघेल. मला भीती वाटते आहे, म्हणून तुलाही घाबरवते आहे.

चोपड्याला जाऊन लघवी तपासून घे. पाणी पी, पोटभर. आणि नानांच्या कानावर घाल. माझ्या सासूबाई मांडीचं हाड मोडून पडल्या नसत्या तर मीच आले असते. तुला बोलवत नसेल तर मी बोलते.

तुझ्यावर रागावण्याचा हक्क राखून,
तुझी अक्का

*

ता. चोपडा
२४ एप्रिल

ती. अक्कास शि. सा. न.

तुला आईची शपथ, नानांना काही कळवू नकोस. ते वाईट नाहीत गं. डोक्यावरचा पदर घसरला तरी कधी बोलले नाहीत. त्यांनी आम्हाला कुठे जायला मना केलेलं नाही, त्यांच्या हे ध्यानातच नाही. मग सांगायचं कोणत्या तोंडाने?

सासूबाईंजवळ विषय काढून पाहिला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, एवढा उन्हाळा काढ बाई, बाळंतपणाला माहेरी जाशीलच. त्यांचे डोळे भरून आले होते. मग मी विषय सोडून दिला. एवढी वर्षं त्यांनी निभावलं आणि मी कालची पोर तक्रार घेऊन उभी.

अक्षर वाकडं येतंय ते चालवून घे. बाहेर आग ओततेय आणि मी गोधडी पांघरून बसले आहे, दात वाजतात. उजव्या कुशीत मागून कळ येते. पोट मधूनच दगडासारखं होतं नि सुटतं. सासूबाईंना वाटतं ऊन लागलं. त्या कांद्याचा रस तळपायांना चोळतात. बाळ हलतंय, काळजी करू नकोस.

माझ्यावर जीव आहे ना, मग गप्प राहा.
तुझी
शीतल

*

धुळे
२७ एप्रिल

ती. स्व. अभिमन नाना यांस,
सुनेची थोरली बहीण सरिता हिचा कृ. सा. न. वि. वि.

हे पत्र चोपडा गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरच्या हाती धाडते आहे. शीतलचं पत्र हातात पडल्याबरोबर तुम्हाला फोन केला होता. तुम्ही आवाज मोठा करून, सगळं ठीक आहे, पोरीला जरा ऊन लागलं आहे, असं सांगितलंत. मागे माणसं हसत होती. मला लघवी हा शब्द तुमच्यासमोर उच्चारता आला नाही. पोरापोरींना तो शिकवते आणि माझीच जीभ लुळी पडली. म्हणून लिहिते. लहान तोंडी मोठा घास वाटला तर वाटू द्या.

तिला ऊन लागलेलं नाही. तिला लघवीचा त्रास आहे आणि तो मूत्रपिंडापर्यंत चढला आहे असा माझा अंदाज आहे. ती दिवसभर लघवी दाबून ठेवते, जावं लागू नये म्हणून पाणी पीत नाही. कारण संडासाचं दार ओट्यासमोर आहे आणि ओट्यावर तुम्ही असता. तुमचा मान राखायचा म्हणून ती हे सोसते आहे. मला गप्प राहायची शपथ घातली होती, ती मी मोडली.

नाना, हे पत्र वाचून होताच तिला गाडीत घाला. उद्यावर टाकू नका. पोट दगडासारखं होतंय असं ती लिहिते. माझ्यावर मागाहून काय रागवायचं ते रागवा, मी पायाशी येऊन बसेन. पण आज सुनेच्या आणि नातवंडाच्या जिवाच्या आड तुमची खाट आली आहे.

मोठ्या मनाने पोटात घालाल या आशेवर,
आपली
सरिता

*

ता. चोपडा
४ मे

चि. सौ. सरिताबाईस,
अभिमन नानाचे आशीर्वाद.

पोर बरी शे. बाळ बी बरं शे. हे आधी लिहिलं, बाकीचं सावकाश वाच.

तुझं पत्र वाचून डोकं भणाणलं होतं. सुनेच्या बहिणीने सासऱ्याला असलं लिहावं! चिट्ठी चुरगाळून टाकणार होतो. पण शेवटची खाटेची ओळ वाचली आणि बसवेना. आत गेलो तर सूनबाई तापाने फणफणलेली, उजवी कूस धरून पडलेली. शेजारच्या पुनाच्या जीपमध्ये घालून चोपड्याला दवाखान्यात नेलं. उजव्या मूत्रपिंडाला सूज होती, तू म्हणाली तसंच. कळाही सुरू होत होत्या. सलाइन, सुया, बठ्ठं करून त्या थांबवल्या. अजून उशीर झाला असता तर काय, ते डॉक्टरीणबाई बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्यांनी मला विचारलं, घरात संडास आहे का. मी ताठ मानेने सांगितलं, टाइल्सचा आहे. त्यावर सूनबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन खाट उचलली आणि गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली नेऊन टाकली. बैठक आता तिथे. बैठकीतल्या नथ्थूने कारण विचारलं, तर म्हटलं, ओट्यावर ऊन येतं. खरं कारण सांगायला जीभ रेटली नाही. आता तुलाही कळलं असेल की तुझ्या पत्रातला तो शब्द माझ्याच्यानेही निघत नाही.

पण लिहायचं होतं ते निराळंच. सूनबाई दवाखान्यात होती. तिच्यासाठी भाकरी करायला सुगंधा, तुझ्या बहिणीची सासू, घरी आली होती. भर दुपारची वेळ. मी तंबाखूची डबी विसरलो म्हणून लिंबाखालून घरी आलो, तर संडासाचं दार आतून लावलेलं. मी पाठ करून उभा राहिलो. ती बाहेर आली, मला पाहून दचकली. हातातला डबा पदराआड घेतला आणि म्हणाली, आज दुपारी पाणी पिण्यात आलं, चुकलं माझं.

चुकलं म्हणाली, सरिताबाई. माझी बायको. सारी गल्ली म्हणते सुगंधाला तहान लागत नाही, आणि मीही ते चारचौघांत मोठेपणाने सांगत आलो.

मी आत गेलो, माठातून तांब्या भरला आणि तिच्या हातात दिला. तिने एकदा ओट्याकडे बघितलं. ओटा रिकामा होता. मग तिने उभ्या उभ्या तो सगळा तांब्या पिऊन संपवला, आणि अजून मागितला.

सूनबाईला घेऊन जायला येशील तेव्हा मुक्कामाने ये. आम्हा म्हाताऱ्यांवरही माया ठेव.
तुझा
अभिमन नाना